अँटेनाकडून छत्रीकडे : इस्लापूर परिसरातील टीव्हीचे स्थित्यंतर

भारतात टीव्ही ॲनालॉगचा डिजिटल झाला तो एका ठरलेल्या दिवशी नव्हे. केबलच्या डिजिटलीकरणाला कायद्याने चार टप्पे नेमून दिले आणि ते २०१२ ते २०१७ या काळात रेंगाळत पार पडले. दूरदर्शनचे जमिनीवरचे बहुतेक ॲनालॉग प्रक्षेपक त्यानंतर, मार्च २०२२ पर्यंत, एकेक करून बंद होत गेले. नांदेड जिल्ह्यातील किनवट तालुक्याचे इस्लापूर हे सरकारी वेळापत्रकात सर्वांत शेवटच्या टप्प्यातले गाव. पण अशा खेड्यांत डिजिटल चित्र सरकारी तारखेची वाट पाहत थांबले नाही. ते छतावरच्या छत्रीतून (डिश अँटेनातून) आधीच घरात आले होते, आणि ते नीट दिसावे म्हणून धावपळ केली ती फिटिंगवाल्याने आणि केबलवाल्याने.

इस्लापूर हिमायतनगर आणि किनवट यांच्या मध्ये, पैनगंगेच्या खोऱ्यात आहे. सहस्रकुंडचा धबधबा जवळच, नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा, पूर्वेला तेलंगणातील आदिलाबाद. निजामाच्या राज्यात आणि नंतरच्या हैदराबाद राज्यात हा भाग आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यात बोथ तालुक्यातील ‘इस्लापूर सर्कल’ आणि किनवट तालुका यांचा नावानिशी उल्लेख आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते मुंबई राज्यात आले. मराठीबरोबर तेलुगू, गोरमाटी, गोंडी कानावर पडणारा हा मुलूख डोंगर-जंगलाचा आहे, आणि टीव्हीच्या लहरींना डोंगर चालत नाही. पुढची बरीचशी अडचण या एका गोष्टीतून आली.

दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी टीव्ही सुरू झाला, मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी. मुंबई केंद्राच्या लहरी मराठवाड्यापर्यंत येण्याचा प्रश्नच नव्हता. १९७५-७६ मध्ये ‘साइट’ या प्रयोगात सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांना उपग्रहावरून कार्यक्रम दाखवले गेले. त्यांत शेजारचा आंध्र होता, महाराष्ट्र नव्हता. मराठवाड्याचे दार उघडले ते इन्सॅट-१बी या उपग्रहामुळे. ३० ऑगस्ट १९८३ रोजी तो अवकाशात गेला आणि दिल्लीचा कार्यक्रम देशात कुठेही उतरवून घेऊन स्थानिक प्रक्षेपकावरून पसरवणे शक्य झाले. १९८४ च्या उत्तरार्धात देशात सरासरी रोज एक प्रक्षेपक सुरू होत होता.

यांतले बहुतेक प्रक्षेपक लघुशक्तीचे, १०० वॅटचे होते. सपाट मुलखात त्यांचा पल्ला फार तर पंधरा किलोमीटर. अंबाजोगाईसारख्या उंच पठारावर उच्चशक्तीचा मनोरा उभा राहिला तेव्हा लातूरकडच्या गावांची सोय झाली, पण किनवटचे डोंगर त्याच्याही आवाक्याबाहेर होते. सुरुवातीला या लहान प्रक्षेपकांवरून दिसे ते दिल्लीचे हिंदी-इंग्रजी. मुंबईचे मराठी कार्यक्रम उपग्रहावरून राज्यभर मिळू लागले ते नंतर. शेतकऱ्यांसाठी असलेला ‘आमची माती आमची माणसं’ ज्या शेतकऱ्यांना खरोखर हवा होता त्यांच्यातल्या पुष्कळांना तो उशिरा पाहायला मिळाला, ही त्या व्यवस्थेतली विसंगतीच म्हणायची.

प्रक्षेपकापासून दूरच्या गावात टीव्ही घेणे म्हणजे आधी उंच लोखंडी पाइप घेणे. त्याच्या टोकाला ॲल्युमिनियमच्या काड्यांचा अँटेना, त्यापासून खाली चपटी वायर, आणि लहर फारच क्षीण असेल तर मध्ये बूस्टर. एक जण छपरावर पाइप फिरवी, दुसरा अंगणात उभा राहून आत पाहणाऱ्याचे ‘आलं, आलं’ वर पोहोचवी. ॲनालॉग चित्राचा स्वभाव असा, की ते हळूहळू बिघडते. आधी सावल्या पडतात, मग मुंग्या येतात, तरी माणूस ओळखू येतो आणि आवाज कळतो. २५ जानेवारी १९८७ रोजी ‘रामायण’ सुरू झाले, २ ऑक्टोबर १९८८ रोजी ‘महाभारत’. या दोन्ही मालिका ग्रामीण भागात असंख्य लोकांनी मुंग्यांतून पाहिल्या. वीज नसेल तर बारा व्होल्टवर चालणारा कृष्णधवल संच ट्रॅक्टरच्या बॅटरीला जोडला जाई. टीव्हीसाठी पोस्टात परवाना शुल्क भरण्याची पद्धत १९८५ मध्ये बंद झाली, त्यामुळे संच घेणे थोडे सुटसुटीत झाले. त्याच दशकात औरंगाबादजवळ पैठण रस्त्यावरच्या चितेगावात व्हिडिओकॉनचा कारखाना रंगीत संच बनवू लागला.

१९९१ च्या आखाती युद्धानंतर शहरांत केबल पसरली. २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही, १५ ऑगस्ट १९९९ रोजी अल्फा मराठी, २००० साली ई-टीव्ही मराठी. दूरदर्शनची मराठी वाहिनीही त्याच वर्षी ‘सह्याद्री’ झाली. नांदेड-लातूरसारख्या शहरांत आणि तालुक्याच्या गावांत केबलवाल्याच्या गच्चीवर मोठाल्या छत्र्या आणि खाली एका खोलीत ‘कंट्रोल रूम’ असे. विजेच्या खांबांवरून, झाडांवरून, एका गच्चीवरून दुसरीवर वायर जाई. एका वाहिनीवर केबलवाला स्वतःच सिनेमे लावी, गावातल्या दुकानांच्या जाहिराती चालवी, गणपतीची मिरवणूक दाखवी. किती घरांना जोडणी दिली याचा खरा आकडा फक्त त्यालाच ठाऊक. तो वाहिन्यांना कमी सांगे आणि करमणूक कर घेणाऱ्यालाही कमीच सांगे. डिजिटलीकरणाचा कायदा येण्यामागे चित्राच्या स्पष्टतेपेक्षा हा लपलेला आकडा मोठे कारण होता. दुसरे कारण जागेचे. ॲनालॉग वायरीत एका वाहिनीला जेवढी जागा लागते तेवढ्यात डिजिटल पद्धतीने दहा-पंधरा वाहिन्या दाबून बसवता येतात.

केबलचे गणित मात्र वस्तीवर चालते. विखुरलेल्या तांड्यांना आणि वाड्यांना वायर टाकणे परवडत नाही. तिथे थेट उपग्रहावरून घरात येणारी सेवा उपयोगी पडली. डिश टीव्ही २ ऑक्टोबर २००३ रोजी सुरू झाला. १६ डिसेंबर २००४ रोजी दूरदर्शनची ‘डीडी डायरेक्ट प्लस’ ही मोफत सेवा ३३ वाहिन्यांसह आली. पुढे टाटा स्काय, सन डायरेक्ट, एअरटेल आले आणि २००९ मध्ये मराठवाड्याच्याच व्हिडिओकॉनची ‘डी२एच’. मोफत सेवेसाठी छत्री आणि सेट-टॉप बॉक्स एकदाच विकत घ्यायचा, दरमहा काही नाही. हातावर पोट असलेल्या घराला हा हिशेब पटला. २०१४ मध्ये या सेवेचे नाव ‘डीडी फ्री डिश’ झाले.

छत्री बसवण्याचे कसब अँटेनापेक्षा निराळे. अँटेना जवळच्या मनोऱ्याकडे आडवा धरायचा. छत्री ३६ हजार किलोमीटरवरच्या एका बिंदूकडे. फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. किनवट भागातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ६० अंश वर येतो, तर तेव्हाच्या टाटा स्कायचा उपग्रह ८३ अंशांवर, म्हणजे जवळजवळ दक्षिणेला. छत्री एवढी वर पाहत असल्याने डोंगर आड येत नाही. चिंचेची फांदी मात्र येते. कोन दोन-तीन अंशांनी चुकला तरी पडद्यावर काहीच नाही. डिजिटलचा स्वभावच तो. चित्र असते तेव्हा स्वच्छ असते. लहर थोडी कमी पडली की चौकोन पडतात, चित्र गोठते, मग ‘नो सिग्नल’. मुसळधार पावसात तर हमखास. मुंग्यांतूनही कथानक धरून ठेवणाऱ्या प्रेक्षकाला ही नवी सवय लावून घ्यावी लागली.

केबल डिजिटल करण्याची सक्ती २०११ च्या दुरुस्ती कायद्याने आली. मुंबईसह चार महानगरांत ३१ ऑक्टोबर २०१२ ही अखेरची तारीख ठरली. दुसऱ्या टप्प्यातील ३८ शहरांत मराठवाड्याचे औरंगाबाद होते. तिथे ३१ मार्च २०१३. तिसऱ्या टप्प्यात उरलेली सर्व नागरी क्षेत्रे, म्हणून नांदेड, लातूर आणि किनवट. मुदत ३१ डिसेंबर २०१५. ती जवळ आली तेव्हा बॉक्सचा तुटवडा होता, प्रकरण अनेक उच्च न्यायालयांत गेले आणि मुदत शेवटी ३१ जानेवारी २०१७ पर्यंत लांबली. चौथ्या टप्प्यात उरलेला सगळा देश, त्यात ग्रामपंचायतीचे इस्लापूर. मुदत ३१ मार्च २०१७. आकाशातून डिजिटल संकेत आयता उतरवून देणारी ‘हिट्स’ सेवा याच काळात लहान केबलवाल्यांच्या मदतीला आली. स्वतःची डिजिटल यंत्रणा उभारणे त्यांच्या खिशाला झेपणारे नव्हते.

इतर देशांनी प्रेक्षकाला हात देण्याची व्यवस्था आधी केली होती. अमेरिकेत १२ जून २००९ रोजी मोठी ॲनालॉग केंद्रे बंद झाली, त्यापूर्वी प्रत्येक घराला बॉक्ससाठी ४० डॉलरची दोन कूपने मागता येत होती. ब्रिटनमध्ये पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना आणि अपंगांना घरी येऊन यंत्र बसवून देणारी, समजावून सांगणारी योजना परवाना शुल्काच्या पैशातून चालली. भारतात केंद्राने जाहिराती केल्या, टोल-फ्री क्रमांक दिला. बॉक्सचे पैसे प्रेक्षकाचे. तमिळनाडूने आपल्या सरकारी केबल कंपनीमार्फत २०१७ मध्ये बॉक्स मोफत दिले. महाराष्ट्रात तसे झाले नाही.

त्यामुळे शिकवणीचे काम केबलवाल्याच्या पोऱ्यावर आणि टीव्ही मेकॅनिकवर पडले. ग्राहकाचा अर्ज भरून घ्यायचा, ओळखपत्राची झेरॉक्स जोडायची, बॉक्स लावायचा. बॉक्समधून पिवळी, लाल, पांढरी अशा तीन पिनी निघतात. जुन्या संचाला त्यांची भोकेच नसत, तिथे वेगळा मॉड्युलेटर लावून अँटेनाच्या भोकातून चित्र घालावे लागे. घरात रिमोट दोन झाले. टीव्ही ‘एव्ही’वर ठेवायचा आणि वाहिनी बॉक्सच्या रिमोटने बदलायची, हे आजी-आजोबांना पुन्हा पुन्हा सांगावे लागे. नातवाने भलते बटण दाबले की पडदा निळा, आणि फोन केबलवाल्याला. पूर्वी एकाच जोडणीला फाटा काढून दोन खोल्यांत टीव्ही चाले. आता दुसऱ्या संचाला दुसरा बॉक्स. ही तक्रार सर्वांत जास्त, आणि तिला उत्तर नव्हते.

पुढचा गोंधळ दरांचा. दूरसंचार नियामक ‘ट्राय’ची नवी पद्धत १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाली. शंभर वाहिन्यांपर्यंत १३० रुपये, जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. सशुल्क वाहिन्यांचे पैसे वर. हवे ते निवडा, असे सांगितले गेले. शेकडो वाहिन्यांच्या यादीतून निवडणे बहुतेकांना जमेना, म्हणून मुदत ३१ मार्चपर्यंत वाढवून कंपन्यांना ग्राहकासाठी ‘योग्य’ संच ठरवण्यास सांगण्यात आले. प्रत्यक्षात गावोगाव केबलवाल्यानेच पॅक ठरवले. ज्यांना बिल वाढलेले दिसले त्यांतले बरेच फ्री डिशकडे वळले.

या सगळ्यात मूळचा अँटेना कधी निरुपयोगी झाला ते फारसे कुणाच्या लक्षात आले नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये दूरदर्शनने १६ शहरांत जमिनीवरून डिजिटल प्रक्षेपण सुरू केले. मराठवाड्यातून त्यात फक्त औरंगाबाद होते. छोट्या गावांना ते मिळाले नाही, जुने ॲनालॉग प्रक्षेपक मात्र २०१७-१८ पासून बंद होऊ लागले. मोक्याच्या ठिकाणचे सुमारे ५० वगळता सगळे मार्च २०२२ अखेर थांबवायचे ठरले. विजेचा खर्च वाचला, लहरींचे पट्टे मोकळे झाले. २०२० च्या टाळेबंदीत पहिली ते आठवीच्या मुलांसाठी सह्याद्रीवर ‘टिलीमिली’ ही मालिका २० जुलैपासून सुरू झाली. जिथे पाइपवरचा अँटेना तिच्या कामाचा उरला नव्हता अशी घरे तोवर पुष्कळ होती; त्यांना केबल किंवा छत्री हाच मार्ग.

मोफत बॉक्सचा विचार केंद्र सरकारने मोठ्या प्रमाणावर केला तो जानेवारी २०२३ मध्ये. २,५३९.६१ कोटी रुपयांच्या ‘बिंड’ योजनेत दुर्गम, आदिवासी आणि सीमावर्ती भागांसाठी आठ लाखांहून अधिक फ्री डिश बॉक्स देण्याची तरतूद झाली. त्याच सुमारास भारतीय मानक ब्युरोने उपग्रहाचा ट्यूनर आतच असलेल्या टीव्ही संचासाठी मानक प्रसिद्ध केले. असा संच घेतला की छत्रीची वायर थेट टीव्हीला लागते; वेगळा बॉक्स आणि दुसरा रिमोट लागत नाही.