काळ्या पाषाणाची बखर

बखर म्हटली की आपण सनावळी शोधतो. मनोरच्या काळ्या कातळातही सन आहे. मात्र तो वाचण्याची रीत निराळी. पोटॅशियमचा एक किरणोत्सर्गी प्रकार निम्मा सरण्यास सुमारे १२५ कोटी वर्षे लागतात. त्यातून निपजणारा आरगॉन वायू गोठलेल्या खडकात अडकून राहतो. तो मोजून, आणि २०१५ साली झिरकॉनच्या स्फटिकांतील युरेनियम व शिसे यांचा हिशेब मांडून, शास्त्रज्ञांनी दख्खनच्या लाव्ह्याचा मुख्य काळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा ठरविला.

रसायनशास्त्राची साक्ष याहून बोलकी आहे. घटकद्रव्यांवरून सह्याद्रीचे थर वेगळे काढले गेले. तळच्या थराला आपल्या शेजारच्या जव्हारचे नाव मिळाले. बुशे थरात खंडाच्या जुन्या कवचाची भेसळ स्पष्ट आढळते, वरच्या आंबेनळी थरात ती फारच थोडी. त्या युगात पश्चिमेकडे खंडाचा पाया ताणला जाऊन पातळ होत होता, सुमारे ६.३ कोटी वर्षांपूर्वी सेशेल्सचा भूभाग आपल्यापासून तुटला. किनाऱ्याकडे कललेले थर ही त्याचीच खूण.

अशा बखरीची पाने आज खडीयंत्रात जात आहेत. रस्त्यांना खडी हवीच. परंतु एखादा कडा तरी आपण पुढच्या वाचकांसाठी राखून ठेवू या.