सुरिनाम: धातूसाठी बुडालेलं जंगल

आज सुरिनामला जाऊया. दक्षिण अमेरिकेतला सगळ्यात छोटा स्वतंत्र देश, लोकसंख्या सहा-सव्वासहा लाख. १८७३ पासून भारतातून तिथे मजूर नेले गेले, पण ती गोष्ट वेगळी. आजचा विषय बॉक्साइट, म्हणजे ज्या लालसर खनिजापासून ॲल्युमिनियम बनतं ते.

अल्कोआ ही अमेरिकन कंपनी १९१६ मध्ये तिथे उतरली. दुसऱ्या महायुद्धात विमानांसाठी हा माल एवढा मोलाचा ठरला, की १९४१ मध्ये खाणी राखायला अमेरिकेचे सैनिक आले. पण नुसती माती विकून देशाला किती मिळणार? खरी किंमत धातूला, आणि धातूला लागते वीज. मी इंजिनिअरिंगला हॉल-हेरॉल्ट प्रक्रिया परीक्षेपुरती घोकली होती. एक किलो ॲल्युमिनियमला साधारण १४ युनिट, म्हणजे घरचा फ्रिज दोन आठवडे चालेल एवढी वीज. ती येते कुठून, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही आणि पेपरातही आला नाही.

सुरिनाममध्ये ती नदीतून आली. देश अजून डच सत्तेखाली होता. १९५८ च्या करारानुसार कंपनीने अफोबाकाला धरण बांधलं. बहुतेक वीज तिच्याच कारखान्याला. १९६४ मध्ये पाणी अडलं आणि देशाची जवळजवळ एक टक्का जमीन बुडाली.

त्या जमिनीवर सामाका लोक राहत होते. यांचे पूर्वज मळ्यांवरच्या गुलामगिरीतून जंगलात पळाले, कित्येक दशकं डचांशी लढले आणि १७६२ मध्ये तह करून स्वातंत्र्य मिळवलं. गुलामगिरी कायद्याने संपायच्या शंभर वर्षं आधी, बरं का! धरणामुळे त्यांच्यापैकी सुमारे सहा हजार जणांना गावं सोडावी लागली. त्याच काळात एका प्राणिमित्र संस्थेने बोटी घालून जवळपास दहा हजार प्राणी वाचवले. चांगलंच काम होतं ते. पण दोन्ही आकडे शेजारी ठेवले की मला अस्वस्थ व्हायला होतं.

पुढे कित्येक वर्षं निर्यातीची बहुतांश कमाई याच उद्योगाची होती. मग १९९९ मध्ये धातूची भट्टी बंद पडली, २०१५ मध्ये रिफायनरीही. २०१९ अखेर धरण सरकारकडे आलं.

भरण्याआधी तिथलं जंगल तोडलंच नव्हतं. मॅपवर ब्रोकोपोंडो शोधून फोटो उघडा. पाण्यातून वर आलेले ते काळे खांब म्हणजे झाडं आहेत.