श्याम, विहीर आणि आमची पडवी

भाट्यात मी ‘हुशार मुलगा’ म्हणून प्रसिद्ध होतो. गणितात पैकीच्या पैकी. पण वर्गात नाव पुकारलं की घसा कोरडा. खाडीवरच्या पुलावरून रत्नागिरीला शाळेत जाताना एसटीत तिकीट मागायचं म्हटलं तरी पोटात गोळा यायचा. घरचे म्हणायचे, हुशार पोरं घुमीच असतात.

नववी संपल्यावर मे महिन्यात शेजारच्या निवृत्त बाईंनी आम्हा पाच जणांना पडवीत बसवून ‘श्यामची आई’ वाचायला घेतली. एकाने पानभर मोठ्याने वाचायचं, मग बाई एक प्रश्न विचारणार. उत्तराची सक्ती नाही. मी आठवडाभर नुसतं वाचलं, तेही पुटपुटत. मग पोहायला घाबरून श्याम लपून बसतो तो भाग आला. बाईंनी विचारलं, “हा पाण्याला घाबरला की बघणाऱ्यांना?”

“बघणाऱ्यांना,” मी बोलून गेलो. सगळे माझ्याकडे न बघता पुस्तकाकडे बघत होते. श्यामबद्दल बोलायचं होतं, म्हणून जमलं. स्वतःबद्दल विचारलं असतं तर मी सुरूच्या बनात पळालो असतो.

पुढे कॉलेजात या प्रकाराचा इतिहास शोधायला लागलो. पुस्तकाने उपचार करण्याला ‘बिब्लिओथेरपी’ हा शब्द सॅम्युअल क्रॉदर्स यांनी १९१६ साली ‘अटलांटिक मंथली’त वापरला, आणि गंमत म्हणजे तो लेख विनोदी होता! लेटा हॉलिंगवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी न्यूयॉर्कमध्ये अतिबुद्धिमान मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यांचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १९४२ मध्ये आलं. त्यांच्या मते बरीच हुशार मुलं चारचौघांत छान रमतात. एकटी पडतात ती अगदी वरच्या बुद्ध्यंकाची, कारण बरोबरीचं बोलायला वयाचं कुणी सापडत नाही. म्हणजे घुमेपणा हा हुशारीचा गुण नव्हेच. हे माझ्या घरी कुणी आधी सांगितलं असतं तर! आपल्याकडे १९६२ साली पुण्यात आप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी सुरू केली, तीही बुद्धिमान मुलांना एकत्र आणण्यासाठीच.

पण बाईंनी यातलं काही वाचलं नव्हतं. साने गुरुजींचं पुस्तकच मुळात मंडळींत बसून ऐकायच्या घाटाचं आहे: श्याम रोज रात्री आश्रमातल्या मित्रांना एकेक आठवण सांगतो, अशा ४२ रात्री. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं हे पुस्तक, आणि त्यातलं पालगड आमच्याच जिल्ह्यातलं.

मागच्या गणपतीत बाईंना विचारलं, ही पद्धत कुठून आणलीत? त्या मोदकाची उकड मळत होत्या.

“कुठून कसली? माझ्या आजीकडे चातुर्मासात पोथी लागायची. श्रीधरस्वामींचा ‘पांडवप्रताप’. एकाने वाचायचं, दुसऱ्याने अर्थ सांगायचा. बाया वाती वळत ऐकायच्या. एकदा आजीने माझ्यापुढे पोथी सरकवली. मी दहा वर्षांची.”

“मग वाचलीत?”

“छे! पहिल्या दिवशी आवाजच फुटला नाही. आजी म्हणाली, उद्या वाच. तू जरा गूळ दे इकडे.”