पांखरांच्या वाटा आणि एक चिमुकलें कडें

पावसाळा सरून आश्विन लागला, म्हणजे विरारच्या पूर्वेकडील चंदनसारच्या परिसरांत, अंगणांत अगर शेताच्या बांधावर, शेपटी हालवीत चालणारा धोबी पक्षी दिसूं लागतो; उन्हाळा तापला कीं तो नाहींसा होतो. आमच्या वाडवडिलांनीं हें येणेंजाणें ऋतूची खूण म्हणून ओळखलें. परंतु हा एवढासा जीव येतो कोठून, आणि कोणत्या बळावर, हा प्रश्न शास्त्राच्या रीतीनें विचारला जाण्यास आपल्याकडे विसावें शतक उजाडावें लागलें. त्या प्रश्नाचा इतिहास पुष्कळ अंशीं डॉ. सलीम अली यांच्या आयुष्याशीं गुंतलेला आहे.

सलीम अली यांचा जन्म मुंबईंत १८९६ सालीं झाला. लहानपणीं छऱ्याच्या बंदुकीनें पाडलेली, गळ्यावर पिवळा ठिपका असलेली चिमणी ओळखून घेण्यासाठीं ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटींत गेले, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. ही संस्था १८८३ सालापासूनची. पुढें प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयांत त्यांनीं व्याख्यात्याचें काम केलें आणि बर्लिनला प्रोफेसर स्ट्रेसेमान यांच्या हाताखालीं पक्षिशास्त्राचे धडे घेतले. त्याच प्रवासांत हेल्गोलंड बेटावर त्यांनीं पक्ष्यांच्या पायांत कडीं घालण्याची पद्धत पाहिली. १९३० सालीं परत येतात तों संग्रहालयांतील जागा उरलेली नव्हती! तेव्हां अलिबागेजवळच्या किहीम येथें बिऱ्हाड करून त्यांनीं सुगरण पक्ष्याचें निरीक्षण आरंभिलें. नर एकामागून एक घरटीं अर्धवट विणतो, मादी त्यांतील एक पसंत करते, आणि मग नर दुसऱ्या घरट्याच्या उद्योगास लागतो, हें त्यांनीं दाखवून दिलें. नोकरी गेली नसती तर हें संशोधन कदाचित् झालेंच नसतें.

पक्ष्यांच्या प्रवासाचा शोध मात्र एकट्यानें करण्यासारखा नव्हता. सोसायटीनें धारच्या महाराजांच्या साहाय्यानें १९२६ च्या सुमारास बदकांना कडीं घालण्यास आरंभ केला होता; पण मोठ्या प्रमाणावर हें काम १९५९ पासून सलीम अलींच्या देखरेखीखालीं सुरू झालें. त्यास जागतिक आरोग्य संघटनेनें द्रव्य दिलें, तें पक्ष्यांच्या प्रेमानें नव्हे. १९५७ सालीं शिमोगा जिल्ह्यांतील क्यासनूरच्या जंगलांत एक नवा ज्वर उद्भवला. त्याचा विषाणु रशियांतील एका रोगाच्या विषाणूशीं मिळताजुळता होता, आणि गोचिडांच्या द्वारें तो प्रवासी पक्ष्यांनीं आणला असावा, अशी शंका होती. पद्धत अगदीं साधी. पक्षी जाळ्यांत धरावा, पायांत हलकें कडें घालावें आणि सोडून द्यावा. कड्यावर एक क्रमांक आणि मुंबईच्या संस्थेस कळविण्याची विनंती. सहस्रांतून एखादेंच कडें पुन्हां हातीं लागावयाचें. तरीहि त्या एका कड्यानें दोन देश जोडले जातात.

वाट कळली, तरी बळाचा प्रश्न उरतोच. त्याचें उत्तर बडोद्यास सयाजीराव विश्वविद्यालयांत शोधलें गेलें. प्रोफेसर जे. सी. जॉर्ज व त्यांचे सहकारी नाईक यांनीं कबुतराच्या छातीचा स्नायु तपासला. त्यांत दोन तऱ्हेचे तंतू आढळतात: बारीक तांबडे तंतू चरबीनें भरलेले, तर रुंद पांढुरके तंतू ग्लायकोजेन नांवाच्या पिष्टसदृश द्रव्यानें. लांबच्या उड्डाणाचें इंधन चरबी होय. तेवढ्याच वजनाच्या पिष्टाहून ती दुपटीनें अधिक शक्ति देते. प्रवासापूर्वीं पक्षी लठ्ठ कां होतात, याचा उलगडा यांतच आहे. १९६६ सालीं जॉर्ज यांनीं बर्जर यांच्यासह पक्ष्यांच्या स्नायूंवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला.

हाच स्नायु आपणांस उड्डाणाच्या उगमापर्यंत नेतो. तो छातीच्या हाडावरील नौकेच्या तळासारख्या धारेला चिकटलेला असतो. १८६१ सालीं बव्हेरियांत सांपडलेल्या आर्किओप्टेरिक्स या प्राण्याला पंख होते, दांत होते, हाडांचें लांब शेपूटहि होतें. ही हाडाची धार मात्र नव्हती. तो किती उडत असेल, यावर म्हणूनच वाद चालत आला आहे. १९९६ सालीं चीनमध्यें पिसासारखें आवरण असलेला, न उडणारा डायनोसॉर उजेडांत आला. म्हणजे पिसें आधीं आलीं, उड्डाण मागून आलें.

सलीम अली १९८७ सालीं वारले. त्यांच्या कार्याकडे पाहतां आम्हांस एक गोष्ट विशेष वाटते. उड्डाणाचें बहुतेक ज्ञान पक्षी जमिनीवर उतरला, तेव्हांच मनुष्याच्या हातीं आलें. चरबीचा साठा सरला कीं पक्ष्यास उतरावेंच लागतें, आणि त्यासाठीं उथळ पाणी, चिखल, गवत यांची जागा लागते. वसई-विरारच्या खाड्या व मिठागरें हीं अशींच उतारपेठ आहेत. त्यांवर भराव पडूं लागला, तर नकाशावरील एखादी रिकामी जागा भरली एवढेंच आपणांस दिसेल; पण दूरच्या थंड प्रदेशांतून निघालेल्या पांखराच्या वाटेंतील तो एक मुक्काम पुसला गेलेला असेल, आणि तेथें कड्याचा क्रमांक वाचण्याची संधीहि कोणास मिळणार नाहीं.