दृष्टिपटलाची तटबंदी : निळ्या रंगापासून चिपपर्यंत

१८८५ साली जर्मन शास्त्रज्ञ पाउल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंगद्रव्ये सोडली. बहुतेक अवयव रंगले, मेंदू मात्र कोरा राहिला. १९१३ मध्ये श्नाउडिगेल यांनी ट्रायपॅन ब्ल्यू वापरले, तेव्हा दृष्टिपटलही तसेच कोरे राहिलेले दिसले. रक्त तिथवर पोहोचते, पण रंग आत शिरत नाही. वाटेत कुणी अडवते आहे, एवढे कळले.

आता १९६०. इंडियाना विद्यापीठातील नोव्हॉटनी आणि अल्व्हिस या दोन विद्यार्थ्यांनी ठरवले, की शिरेतून फ्लुओरेसिन टोचायचे आणि डोळ्यातील रक्तवाहिन्यांची छायाचित्रे घ्यायची. नाणेफेकीत अल्व्हिस हरले, म्हणून पहिला डोळा त्यांचा! नेत्रविज्ञानाच्या नियतकालिकांत त्यांच्या निबंधाला जागा मिळाली नाही. १९६१ मध्ये तो छापला ‘सर्क्युलेशन’ने, म्हणजे हृदयविकारांच्या नियतकालिकाने. आज मधुमेही रुग्णाच्या डोळ्यातील गळती जगभर याच पद्धतीने पाहिली जाते.

तट प्रत्यक्ष दिसला तो लंडनमध्ये. १९६६ च्या सुमारास कुन्या-वाझ आणि नॉर्मन अ‍ॅश्टन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले, की दृष्टिपटलातील रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशी एकमेकींना घट्ट जखडलेल्या असतात. दुसरा तट बाहेरच्या अंगाला, रंगद्रव्य-पेशींच्या थराचा. मधुमेहात हे तट ढासळतात, द्रव झिरपतो आणि दृष्टी मंदावते. विरोधाभास असा, की शाबूत तट औषधालाही अडवतो. म्हणून तर कित्येक रुग्णांना थेट डोळ्यात सुई घ्यावी लागते.

मग औषधाची परीक्षा कुणावर करायची? उंदराला माणसासारखा पीतबिंदू नाही. सशाच्या दृष्टिपटलाचा बराच भाग रक्तवाहिन्यांविना असतो. तरीही दशकानुदशके भिस्त याच प्राण्यांवर होती, याचे नवल वाटते.

वाट दोन शोधांनी मोकळी झाली. २००७ मध्ये यामानाका यांनी माणसाच्या त्वचेच्या पेशींना मूलपेशींचे रूप दिले. २०१० मध्ये हार्वर्डच्या ह्यू आणि इंगबर यांनी पारदर्शक, लवचिक चिपवर श्वास घेणारे ‘फुप्फुस’ घडवले. २०१९ मध्ये जर्मनीतील ट्युबिंगेन येथे या दोन्ही धाग्यांची गाठ पडली. मूलपेशींपासून वाढवलेले इवलेसे दृष्टिपटल आणि रंगद्रव्य-पेशींचा थर एकाच चिपवर समोरासमोर ठेवले गेले. प्रकाशग्राही पेशींचे तुकडे रंगद्रव्य-पेशींनी गिळलेले तिथे दिसले, जसे ते जिवंत डोळ्यात घडते. हिवतापावरील क्लोरोक्विनचा दृष्टिपटलाला होणारा अपायही चिपवर उमटला.

मात्र या चिपमध्ये कुन्या-वाझ यांनी दाखवलेला रक्तवाहिनीचा तट नव्हता. तिच्या जागी होती बारीक नळी, आणि तीतून रक्ताऐवजी पोषक द्रव वाहत होता.