एक लाइन, चार कॉम्प्युटर आणि आवक-जावक वही



आपल्या माळव्यातल्या मराठी घरांचा इतिहास म्हटला की धार-देवासचे पवार, इंदूरचे होळकर, जुने वाडे आणि गणेशोत्सव यांच्याच गोष्टी निघतात. त्या निघाव्यातच. आज मात्र मी अगदी अलीकडचा इतिहास सांगणार आहे, आपल्या घरातल्या इंटरनेटच्या पत्त्याचा. मी कॉमर्सचा पदवीधर, सारी नोकरी बँकेत गेली; इंजिनिअर नाही. पण हा विषय मुळात वहीखात्याचाच आहे, म्हणून लिहितो.

आधी अडचण काय होती ते बघू. इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता लागतो. जुन्या पद्धतीत, म्हणजे आयपीच्या चौथ्या आवृत्तीत, असे एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते होतात. ऐकायला भरपूर वाटतात, पण सुरुवातीला ते सढळ हाताने वाटले गेले. अमेरिकेतल्या एकट्या एमआयटी या संस्थेकडे १८ या आकड्याने सुरू होणारे सगळे, म्हणजे सुमारे १ कोटी ६८ लाख पत्ते होते! आपण पंगतीला उशिरा पोचलो. भारतात सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमाकडून. तोवर पत्ते पुरणार नाहीत ही काळजी जगभर सुरू झालेली होती.

त्यावरचा तोडगा मे १९९४ मध्ये आला. इंटरनेटच्या नियमांची क्रमांक घातलेली टिपणं असतात, त्यांना आरएफसी म्हणतात. त्यातलं १६३१ क्रमांकाचं टिपण एगेवांग आणि फ्रान्सिस या दोघांनी लिहिलं. त्याचं नाव नेटवर्क अॅड्रेस ट्रान्सलेशन, थोडक्यात नॅट. कल्पना सोपी आहे. आतल्या यंत्रांना घरगुती पत्ते द्यायचे आणि दारात एक यंत्र बसवायचं. ते बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पाकिटावरचा आतला पत्ता पुसून बाहेरचा पत्ता घालील आणि उत्तर आलं की उलट करील. लेखकांनी तेव्हाच स्पष्ट म्हटलं होतं की हा थोड्या काळापुरता उपाय आहे. तीस वर्षं होऊन गेली, तो उपाय अजून चालूच आहे.

घरगुती पत्ते कोणते, हे फेब्रुवारी १९९६ च्या १९१८ क्रमांकाच्या टिपणात पक्कं झालं. १० ने सुरू होणारे सगळे, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. तुमच्या घरच्या वायफायच्या डब्यावर १९२.१६८ दिसतं ना, ते हेच. हे पत्ते लाखो घरांत तेच असतात. जसं प्रत्येक वाड्यात ‘माडीवरची खोली’ असते. पोस्टमनला तेवढ्यावर पत्र पोचवता येत नाही, वाड्याचा पत्ता लागतोच.

मग एकाच बाहेरच्या पत्त्यावर आतल्या दहा जणांची उत्तरं आली, तर कोणतं कोणाचं? इथे वही येते. प्रत्येक संभाषणाला पत्त्याबरोबर पोर्ट नावाचा एक क्रमांक असतो, ० ते ६५,५३५ पर्यंत. दारातलं यंत्र नोंद करतं, ‘आतला अमुक पत्ता, अमुक पोर्ट, बाहेर जाताना दिलेला पोर्ट तमुक.’ उत्तर त्या तमुक पोर्टवर आलं की नोंद बघून आत पोचतं. आपल्या जुन्या दफ्तरातली बारनिशी, बँकेतलं आवक-जावक रजिस्टर, हेच की! जावक नोंद नसेल तर बाहेरून आलेलं पाकीट आतल्या कोणाचं ते कळत नाही आणि ते दारातच थांबतं. म्हणून नॅटच्या मागे बसलेला माणूस जगाला हाक मारू शकतो, जग मात्र त्याला आपणहून हाक मारू शकत नाही.

आता आपल्या भागाकडे येतो. १ जानेवारी २००० ला धार जिल्ह्यात ‘ज्ञानदूत’ सुरू झालं, हे बऱ्याच जणांना आठवत असेल. गावोगावची सूचनालयं टेलिफोनच्या तारेने धारच्या सर्व्हरला जोडली होती. मंडीचे भाव, खसऱ्याची नक्कल, तक्रारीचा अर्ज हे सगळं तिथे मिळे. त्याच वर्षी त्याला स्टॉकहोम चॅलेंज पुरस्कार मिळाला. पण ज्ञानदूत हे इंट्रानेट होतं, म्हणजे जिल्ह्याचं आपसातलं जाळं. त्यामुळे इकडच्या लोकांना कॉम्प्युटरवर काम होतं हे कळलं; बाहेरच्या जगाचं दार ज्याचं त्याने उघडायचं होतं.

मी त्या सुमारास खातेगांवला शाखेत होतो. इंदूर-बैतुल रस्त्यावरचं हे तहसिलीचं गाव. नेमावरची नर्मदा जवळ, पलीकडे हंडिया. बाजारात एक एसटीडी-पीसीओ होता. मोबाइल येणार म्हणून मालकाने धंदा बदलायचं ठरवलं आणि २००२ मध्ये चार जुने कॉम्प्युटर आणले. फोनची लाइन मात्र एकच. त्याचा मुलगा बी.एस्सी. करत होता. मला म्हणाला, ‘‘साब, एक लाइन पर चारों चल जाएंगे, पर लिनक्स लगाना पड़ेगा.’’ शाखेत युनिक्सवर काम केलेलं असल्यामुळे काळ्या पडद्याची मला भीती नव्हती. पीसीक्वेस्ट मासिकासोबत लिनक्सची सीडी यायची, ती त्याने मिळवली होती. इंग्रजी माहितीपत्रक मी वाचून दाखवायचं आणि त्याने टाइप करायचं, अशा तीन संध्याकाळी गेल्या.

काम कसं झालं ते सांगतो, कारण आजही ते तसंच होतं. एका पाचव्या जुन्या यंत्राला एका बाजूने मोडेम आणि दुसऱ्या बाजूने नेटवर्कचं कार्ड लावलं. कार्डाला १९२.१६८.१.१ हा पत्ता दिला, चार कॉम्प्युटरना पुढचे .२ ते .५ दिले आणि चौघांना सांगितलं की तुमचं दार .१. लिनक्स मुळात एका बाजूचं पाकीट दुसऱ्या बाजूला जाऊ देत नाही. त्यासाठी ‘आयपी फॉरवर्ड’ नावाच्या फायलीत शून्याच्या जागी एक लिहावा लागतो. मग आयपीटेबल्सचा एक नियम, की मोडेमवाटे बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पाकिटाला ‘मास्करेड’ करा. आयपीटेबल्स हे जानेवारी २००१ मध्ये आलेल्या लिनक्सच्या २.४ आवृत्तीचं देणं, आणि त्यामागे ऑस्ट्रेलियाचे रस्टी रसेल होते. बाहेरचा पत्ता कायमचा असेल तर दुसरा नियम वापरतात. डायल-अपला दर वेळी नवा पत्ता मिळायचा, म्हणून मास्करेड, म्हणजे मुखवटा. शेवटी हे सगळं यंत्र सुरू होताना आपोआप चालेल अशा जागी लिहून ठेवायचं, नाहीतर वीज गेली की सगळं विसरतं. आणि खातेगांवात वीज तेव्हा किती जायची, ते काय सांगू!

तिसऱ्या संध्याकाळी चारही पडदे उघडले. गती बेताचीच, पण बोर्डाचे निकाल बघायला पोरांची रांग लागली.

मी एकच आग्रह धरला. नॅटची वही यंत्राच्या स्मरणात असते. संभाषण संपलं की थोड्या वेळाने ओळ पुसली जाते. बँकेतल्या माणसाला न जपलेली वही सहन होत नाही. म्हणून आणखी एक नियम घालून प्रत्येक नव्या जोडणीची वेळ आणि आतला पत्ता फायलीत उतरवायला लावला. शिवाय कोण कोणत्या कॉम्प्युटरवर किती ते किती बसला, याची कागदी वही पैशाच्या हिशेबासाठी होतीच.

दोन वर्षांनी एका मुलीच्या घरी घाणेरडा ईमेल गेला. मेलच्या माथ्यावरचा पत्ता आणि वेळ यांवरून तपास थेट या दुकानाच्या फोनपर्यंत आला. लाइन यांच्या नावावर, दुकानात कायम बसणारा मुलगा जवान, संशय त्याच्यावर. बाप रडवेला होऊन माझ्याकडे आला. आम्ही फाइल आणि वही शेजारी ठेवल्या. सर्व्हरचं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळापेक्षा सात मिनिटं पुढे होतं. तेवढी वजाबाकी केल्यावर ओळ जुळली. ती वेळ .३ वाल्या कॉम्प्युटरची होती आणि तिथे त्या वेळी दुसराच गिऱ्हाईक बसला होता. तपास पुढे सरकला, मुलगा सुटला. नोंद नसती तर चौघांचा एकच पत्ता होता आणि तो पत्ता त्याच्या बापाच्या नावावर होता.

हा इतिहास आज का आठवायचा? कारण तेव्हा एका पत्त्यामागे चार जण होते, आज शेकडो असतात. ३ फेब्रुवारी २०११ ला जागतिक कोठारातले शेवटचे मोठे गठ्ठे वाटले गेले. मग कंपन्यांनी आपल्याच दारात मोठं नॅट बसवलं. त्यासाठी एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ पासून सुरू होणारे सुमारे ४२ लाख पत्ते वेगळे काढले गेले. म्हणजे तुमच्या घरात एक नॅट आणि कंपनीत दुसरं. सहाव्या आवृत्तीत पत्त्यांचा तुटवडा नाही आणि ती वापरण्यात भारत जगात पुढे आहे. पण जुनी पद्धत अजून शेजारी चालूच आहे.

म्हणून नुसता पत्ता म्हणजे माणूस नव्हे. सर्व्हरवाल्यांनी पत्त्याबरोबर पोर्टही नोंदवावा, ही शिफारस जून २०११ मध्येच झाली आहे. आपल्याकडे सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार नोंदी १८० दिवस जपायच्या आहेत आणि घड्याळं प्रमाणवेळेशी जुळवून ठेवायची आहेत. खातेगांवची ती सात मिनिटं आठवली की या कलमाचं मोल कळतं.

घरातल्या सगळ्यांना एवढं सांगून ठेवा. ऑनलाइन फसवणूक झाली तर लगेच १९३० वर फोन करा, आणि तारीख व वेळ मिनिट-सेकंदासह लिहून ठेवा. मेल, मेसेज पुसू नका. आणि ‘तुमच्या पत्त्यावरून गुन्हा झाला’ असं कोणी दरडावलं तर घाबरून पैसे भरू नका. जवळच्या पोलीस ठाण्यात स्वतः जा आणि शांतपणे विचारा, पोर्ट कोणता, वेळ कोणती आणि ती भारतीय की जागतिक? दोन्हींत साडेपाच तासांचा फरक असतो. वेळेशिवाय आणि पोर्टशिवाय पत्ता म्हणजे तारीख नसलेलं व्हाउचर. असं व्हाउचर आम्ही कधी पास केलं नाही, तुम्हीही करू नका.