लूना, चेतक आणि एका भागीदारीची गोष्ट

आमच्या पिशोरला लहानपणी लूना म्हणजे दोन माणसं, एक पोतं आणि वर दुधाची किटली. पेट्रोल संपलं की पायडल मारत घरी! (चढावर उतरून ढकलायची, हे सांगायला नकोच.)

परवा ट्रॅफिकमध्ये शेजारी ई-लूना येऊन थांबली आणि डोक्यात किडा वळवळायला लागला. शनिवार त्यातच गेला.

तर मंडळी, गोष्ट अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) फिरोदियांची. कुंदनमल फिरोदिया हे स्वातंत्र्यसैनिक, मुंबई विधानसभेचे अध्यक्ष. त्यांची मुलं नवलमल आणि हस्तीमल. स्वातंत्र्यानंतर फिरोदिया आणि बजाज ही दोन घराणी वाहनधंद्यात भागीदार होती. 1960 च्या दशकाच्या अखेरीस फाटलं. बजाज ऑटो बजाजांकडे राहिली, बजाज टेम्पो फिरोदियांकडे. नावात 'बजाज' असलेली कंपनी फिरोदियांची, हा घोळ पुढे कित्येक वर्षं लोकांना समजावत बसावं लागे!

आता गंमत बघा. 1971 मध्ये बजाजचा इटलीच्या पियाजिओशी व्हेस्पाचा करार संपला आणि 1972 मध्ये चेतक आली. त्याच वर्षी हस्तीमल यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने लूना काढली. तीही पियाजिओच्याच 'चाओ' मोपेडवरून. म्हणजे भांडलेल्या दोन घरांची दोन लेकरं, एकाच वर्षी, आणि आजोळ एकच!

पण गिऱ्हाईक वेगळं. चेतकसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं. लूना सायकलवाल्याची पुढची पायरी होती. 50 सीसी, गिअर नाही, दुरुस्ती गावातल्या सायकलवाल्याकडेही व्हायची. पीयूष पांडेंच्या जाहिरातीने ती घरोघरी पोचली. आमच्या भागात मात्र 1985 ला वाळूजला बजाजचा कारखाना आला, पोरं शिफ्टला जायला लागली, आणि हातात पैसा आल्यावर लूनावर बसायची लाज वाटायला लागली. मलाही वाटायची. कॉलेजच्या गेटबाहेरच उतरायचो.

पुढे कायनेटिकनं होंडाबरोबर 1984 पासून स्कूटर काढल्या, 1998 ला होंडा बाहेर पडली, 2008 मध्ये दुचाकीचा धंदा महिंद्राकडे गेला. मला वाटलं, संपलं.

चेतक जानेवारी 2020 मध्ये विजेवर परत आली. लूना फेब्रुवारी 2024 मध्ये, हस्तीमल यांची नात सुलज्जा फिरोदिया मोटवानी यांच्या कायनेटिक ग्रीनकडून. किंमत तेव्हा 69,990 रुपये, वजन 96 किलो, बॅटरी 2 युनिटची, दावा 110 किलोमीटरचा. हिशोब केला तर किलोमीटरला 18 वॉट-तास. आमच्या कन्नड तालुक्यातल्या चढांवर एवढं मिळेल असं मला वाटत नाही, पण निम्मं मिळालं तरी पेट्रोलपेक्षा स्वस्तच. मागची सीट काढून सामान ठेवता येतं.

सिग्नलवर शेजारी थांबला होता तो डिलिव्हरीवाला. मागे सीट नव्हती, मोठी पेटी होती. आणि हो, पायडल नाहीत. चार्ज संपला तर ढकलतच न्यायची.